तोंड मिटलेले फोटो

परवा आमच्या मालकांनी लॅपटॉपवर एक नवीन सॉफ्टवेअर आणलं. लग्नाचे तीन हजार फोटो त्यात टाकले की आपला चहा होईपर्यंत ते निवडून देतं. हललेले बाजूला, डोळे झाकलेले बाजूला, एकासारखे एक पाच असले तर त्यातला एक वर. मालक खूश झाले. म्हणाले, "बालाजी, आता बसून डोळे फोडायची गरज न्हाई." मी आहेराचे फोटो उघडून पाहिले तर निम्मे गायब. फ्लॅश पडला की खेड्यातली म्हातारी माणसं डोळे मिटतातच, आणि डोळे मिटले म्हणून त्या यंत्रानं सगळ्यांना हाकलून दिलं होतं. त्यात नवरीचा सख्खा मामा होता.

"मंगलताई असत्या तर हे मशीन खिडकीतून खाली गेलं असतं," मी म्हणालो. आमच्या स्टुडिओत मंगलताईंचं नाव निघालं की मालक उठून काउंटर पुसायला लागतात, आणि खरं सांगायचं तर मीही काहीतरी काम काढून बाहेर पडतो. असं किती दिवस करणार? म्हणून आज लिहायला बसलोय. लिहिता येत नाही मला, फोटो काढता येतात, पण ह्या बाईचा एकही फोटो माझ्याकडं नाही.

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर पहिल्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. मी फोटो काढायचा आणि ताईंनी निवडायचे, असं सोळा वर्षं चाललं. त्या मूळच्या रेणापूरकडच्या. उंच, वाळकुड्या, आवाज पुरुषासारखा भरड. कामावर आल्या त्या पहिल्याच दिवशी मालकांसमोर उभं राहून म्हणाल्या होत्या, "नवरा हाय, पण माझ्याकडं न्हाई. आणखी काय इचारायचं ते आत्ताच इचारून घ्या, कामाच्या टायमाला इचारू नका." कुणाची हिंमत झाली नाही. पुढं सोळा वर्षांत कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

निवडायला बसताना त्या तोंडात एक लवंग धरायच्या. चघळायच्या नाहीत, नुसती गालात ठेवायच्या. लवंग दाढेखाली फुटल्याचा आवाज आला की समजायचं, ताईंचं त्या फोटोचं ठरलं. कॉम्प्युटरवर प्रत्येक लग्नाची त्यांची तीन फोल्डरं असायची. त्यांची नावं होती 'हाव', 'बघू' आणि 'न्हाई'. मालकांनी एकदा ती नावं बदलून इंग्रजी ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत 'हाव', 'बघू', 'न्हाई'. मालकांनी नाद सोडला.

निवडायच्या तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत फोटो हललाय का, एवढंच बघायचं. दुसऱ्या फेरीत डोळे, हात, पदर. तिसऱ्या फेरीत नाती. फोटो चांगला आलाय का, हे त्या अगदी शेवटी विचारायच्या. "आधीच इचारलं की माणूस चांगल्या फोटोच्या मागं लागतंय आन् आत्या राहून जाती," हे त्यांचं म्हणणं. अनोळखी लग्नाचे शे-दोनशे फोटो सरकवले की त्यांना कोण कुणाचं कोण लागतं ते कळायचं. नवरीच्या अंगावरचा शेला सारखा करणारी ती मोठी बहीण, लांबून बघणारी ती सावत्र, जेवण वाढताना कॅमेऱ्याकडं पाठ करणारा तो लग्नाला विरोध असलेला चुलता. आणि शंभरातल्या नव्वद वेळा बाई बरोबर निघायची.

माझ्या कलेचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. नवीन लेन्स आणली तेव्हा मी एका नवरीचे बारा फोटो काढले, मागचं सगळं पुसट, नुसता चेहरा लख्ख. मला वाटलं, ताई बघतच राहतील. त्यांनी बाराही 'न्हाई'त टाकले. म्हणाल्या, "मागं हिचा आजा उभा होता, त्याचं तू धुकं केलास. आज्याचं धुकं करून पोरगी दाखवायची असती का?" मी दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या डब्यात टाकली आणि विषय संपवला.

आहेराच्या फोटोंत त्या निवड करायच्याच नाहीत. ज्यानं आहेर दिला त्याचा फोटो अल्बममध्ये गेलाच पाहिजे, मग तो शिंकलेला असो की झोपेत असो. "डोळे झाकलेला मामा चालतो. नसलेला मामा चालत न्हाई." आमच्याकडं अल्बम आला की पाहुणे आधी स्वतःला शोधतात आणि सापडले नाहीत तर पुढच्या लग्नाला येत नाहीत, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ह्या वाक्याची किंमत कळेल.

आणि 'न्हाई' फोल्डर. ते त्या पुसू द्यायच्या नाहीत. घरच्यांनी अल्बम बघून, तोंडानं "बरोबर हाय" म्हटल्याबगर टाकलेला फोटोसुद्धा पुसायचा नाही, हा नियम. डिस्क भरल्या म्हणून मालक ओरडायचे. एकदा दोन घरांत भांडण लागलं. नवरदेवाची आत्या म्हणे मी नवरीला हिरवं पातळ दिलं, नवरीकडचे म्हणे दिलंच नाही. दोन्हीकडची माणसं जिना चढून वर आली, आणि तोंडं अशी की आता इथंच धरतील एकमेकांना. ताईंनी 'न्हाई'मधून एक हललेला फोटो काढला. त्यात आत्या म्हणजे नुसता एक फराटा. पण हातात हिरवं काहीतरी होतं, त्याला काठ होता. "चेहरा हालला, पातळ हाललं न्हाई," ताई म्हणाल्या. माणसं मुकाट खाली उतरली. "बघितलास?" मला म्हणाल्या, "टाकलेल्यालाच एखाद्या दिवशी साक्ष द्यावी लागती."

इथपर्यंत लिहायला मला बरं वाटलं. आता जे लिहायचंय त्यात माझं बरं काही नाही.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. एखादा बाप अल्बमची ऑर्डर देऊन जाताना जिन्यातून परत येतो, चपला पुन्हा काढतो आणि हळूच म्हणतो, "ताई, पोरगी जरा मोठी दिसंल असे घ्या." समजायचं ते समजून घ्यायचं. मंगलताईंना ते काम जमायचं. बसलेले फोटो घ्यायचे, उभे टाळायचे. बुटक्या बायकांशेजारचे घ्यायचे. मान खाली घातलेली चालते, मान वर केलेली चालत नाही, कारण वर बघताना लेकरू लेकरासारखंच बघतं. असे अल्बम निवडताना त्या तोंडात लवंग धरायच्या नाहीत. एकदा मी म्हणालो, "आपण न्हाई म्हणलं तर लग्न थांबतंय का ताई? शेजारी दुसरा स्टुडिओ हायच की." त्यांनी पुढचा फोटो उघडला. काम केलं. नेहमी केलं.

लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी मी रूपालीच्या लग्नाला गेलो. अहमदपूरपासून जवळच्याच एका गावात, गावाबाहेर शेतातल्या कोठ्यावर, म्हणजे कडबा-अवजारं ठेवायच्या खोलीवर, सकाळी सकाळी. शाळा बंद, मंगल कार्यालयं बंद, आणि लोकांनी त्या बंदमध्ये पोरी उजवून घ्यायचा सपाटा लावला होता. नवरदेव किनवटकडचा. पन्नास-साठ माणसं. कुणी स्टेटसला फोटो ठेवू नये म्हणून रूपालीच्या बापानं सगळ्यांचे मोबाईल आल्या आल्या एका टोपल्यात जमा केले आणि टोपलं कोठ्यात ठेवून कडी लावली. लग्न चोरून, पण नवरदेवाच्या आईला अल्बम पाहिजे होता. त्यामुळं तिथं कॅमेरा एकच, माझा.

पोरगी सारखी हसत होती. मुंडावळ्या नाकाला लागायच्या, गुदगुल्या व्हायच्या, हसायची. आई मागून चिमटा काढायची. मी सगळं काढलं. मला काय, समोर येईल ते काढायचं.

दुसऱ्या दिवशी ताई निवडायला बसल्या. मी शेजारी बॅटऱ्या लावत होतो. बराच वेळ माऊसचा आवाज आला नाही म्हणून वळून बघितलं, तर त्यांनी एक फोटो मोठा मोठा करत नेला होता. सगळ्या स्क्रीनवर नुसतं तोंड.

"बालाजी, हिचा सुळा अजून अर्धाच आलाय."

"असतंय एखाद्याचं उशिरा," मी म्हणालो.

"कितवीला हाय?"

"मला काय माहीत ताई. बाप म्हणाला, अठरा पूर्ण."

त्यांनी फोटो परत लहान केला आणि कामाला लागल्या. हसलेले सगळे 'न्हाई'त. तोंड मिटलेले तेवढे 'हाव'मध्ये. दुपारपर्यंत सव्वाशे फोटो निवडून झाले, आणि काय सांगू, त्या सव्वाशे फोटोंत ती पोरगी खरोखर एकोणीस-वीसची दिसत होती. एवढी चांगली निवड ताईंनी क्वचितच केली असेल.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोन करून तक्रार केली. पोलिसांची गाडी गावात गेली, पंचनामा की काय तो झाला. दोन्ही घरांनी लिहून दिलं की लग्न झालेलंच नाही, नुसता साखरपुडा होता. अशा लग्नात ज्यानं लावलं तो, ज्यानं स्वयंपाक केला तो, ज्यानं फोटो काढले तो, सगळेच अडकतात. मालक घामाघूम होऊन वर आले. "पुसा. सगळं पुसा."

"घरच्यांनी बघितले न्हाईत अजून," ताई म्हणाल्या.

"घरचेच सांगायलेत ना. हा काय, खाली उभाय."

रूपालीचा बाप जिन्यात उभा होता. वर आला, हात जोडले. म्हणाला, "ताई, मी आत गेलो तर माझी पोरगी उद्या कुणाच्या दारात जाईल? तुमच्या पाया पडतो." ताईंनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "ताई, माझंही नाव येईल." हे मी म्हणालो होतो. मालक नाही, तिचा बाप नाही, मी.

त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलं. आधी 'न्हाई', मग 'बघू', शेवटी 'हाव'. मग डिस्क कोरी करून तिच्यावर दुसरं लग्न भरलं, म्हणजे मागमूस राहायला नको. कार्ड मी कोरं केलं.

दोन वर्षं गेली. एका दुपारी जिना चढून एक बाई आणि तिच्या मागं एक पोरगी आली. मी ओळखलं नाही. ताई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "रूपाली ना तू?" त्यांनी तिला कधी समोरासमोर पाहिलेलं नव्हतं.

हकीकत अशी. सासरच्यांनी वर्षभर ठेवून घेतली, राबवून घेतली आणि मग एक दिवस बसमध्ये बसवून परत पाठवली. आता त्या पोराचं दुसरं लग्न ठरलं होतं. विचारायला गेलं तर सासू म्हणे, आमचं कधी लग्नच झालं नाही, साखरपुडा झाला होता तो मोडला, हा तुमच्याच सहीचा कागद. भटजी म्हणे, मी गेलोच नाही. आचारी म्हणे, मी गेलोच नाही. गावातली जी माणसं पंगतीला बसली होती तीसुद्धा म्हणायला लागली की आम्ही गेलोच नाही, कारण गेलो म्हटलं की गुन्हा. लग्न झालं असं म्हणणारा एकही माणूस राहिला नाही. आणि तीच माणसं पारावर बसून म्हणायची, ही पोरगी लग्नाबगर परक्या घरात वर्षभर राहून आली.

रूपालीची आई रडत होती. रूपाली रडत नव्हती. तिनं पोटगीचा दावा लावला होता, पण तिला पोटगीचं फार काही नव्हतं, हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं. म्हणाली, "मावशी, एक फोटो द्या. हारात उभी असलेला. मी लग्न करून गेल्ते, एवढं दिसलं की बास. मग मला कुणी काय बी म्हणू द्या."

"मी पुसले, बाई," ताई म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे."

"टाकून दिलेले पण न्हाईत का एखादे?"

ताई खाली बसल्या. मी त्यांना सोळा वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही पाहिलं नाही, पण त्या माऊस धरून एकेका लग्नाचं 'न्हाई' फोल्डर उघडून बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या ती जुनी डिस्क पिशवीत घालून एसटीनं नांदेडला गेल्या. तिथं गेलेला डेटा परत काढून देणारा एकजण होता. त्यानं चार दिवस ठेवून घेतली. काय निघालं? नंतर भरलेल्या लग्नाचे अर्धे अर्धे फोटो. मंडपाची झालर आणि फेट्यांचे तुरे, खालचं सगळं करडं. ताई परत आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मी लई नीट पुसलं होतं रे."

मग त्यांनी साक्ष द्यायचं ठरवलं. रूपालीची वकीलबाई चांगली होती, तिनं स्पष्ट सांगितलं: फोटो पाहिलेल्या माणसाच्या साक्षीला अर्थ नाही, लग्न डोळ्यांनी पाहिलेला माणूस पाहिजे. फोटोग्राफर आला तर काम होईल. ताई हे मला सांगायला आल्या तेव्हा मी ट्रायपॉड पुसत होतो.

"येतोस का बालाजी?"

मी म्हणालो, "ताई, मला घरदार हाय. लेकरं हायत." एका एकट्या बाईला मी असं म्हणालो. त्यांनी एकदासुद्धा आग्रह केला नाही, समजावलं नाही, शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाल्या, आणि पदर खोचून गेल्या. त्याच आठवड्यात मालकांनी त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं.

तारखेच्या दिवशी मला घरी बसवेना. जवळच्याच एका गावातलं शूट होतं, ते सोडून गळ्यात बॅग अडकवलेली तशीच घेऊन मी कोर्टात गेलो आणि दाराशी उभा राहिलो. ताई पिंजऱ्यात उभ्या होत्या. वकीलबाईनं विचारलं, लग्नाला कोण गेलं होतं, फोटो कुणी काढले? ताई म्हणाल्या, "मी गेले होते. फोटो मी काढले."

वकीलबाईनं क्षणभर वर बघितलं, पण पुढं विचारत गेली. आणि ताईंनी लग्न सांगायला सुरुवात केली. एकेक फोटो सांगत होत्या, क्रमानं, जणू समोर स्क्रीन आहे. कोठ्याच्या भिंतीला कडबा लावलेला. नवरीच्या आईच्या चोळीची एक बाही उसवलेली. अंतरपाट म्हणून धरलेलं उपरणं, त्याला एका कोपऱ्यात जळाल्याचं भोक. नवरदेवाचं घड्याळ बंद पडलेलं, सगळ्या फोटोंत सव्वा सातच वाजलेले. मुंडावळ्या नाकाला लागल्या की नवरी हसायची, आणि हसली की दिसायचं, सुळा अर्धाच आलाय. पलीकडं नवरदेवाची आई बसली होती, तिनं मान खाली घातली. मला वाटलं, झालं काम. देवाशप्पथ मला तसं वाटलं, आणि हायसं वाटलं की माझ्यावाचून झालं.

मग समोरचे वकील उठले. वयस्क, गोड बोलणारे गृहस्थ. "बाई, किती वर्षं फोटो काढता?"

"सोळा."

"छान." त्यांनी टेबलाखालून एक कॅमेरा काढला, कुणाकडून तरी मागून आणलेला. "हा धरा. मला एक फोटो काढून दाखवा." न्यायाधीश साहेब म्हणाले, इथं फोटो चालणार नाही, नुसता सुरू करून दाखवू द्या.

ताईंनी कॅमेरा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. लेन्सचं झाकण दाबलं. मागची बटणं एकेक करून दाबली. लाखो फोटो ज्या बाईच्या डोळ्यांखालून गेले, तिनं सोळा वर्षांत कॅमेऱ्याला कधी हात लावला नव्हता, कारण कॅमेरा माझा होता आणि मी कुणाला लावू द्यायचो नाही. त्यांचं बोट चालू करायच्या खटक्याजवळून दोनदा गेलं. माझं बोट खिशातल्या खिशात हललं. वकील शांतपणे घड्याळाकडं बघत उभे राहिले. बाक भरून माणसं होती, त्यातलं कुणीतरी हसलं. मी तोंड उघडलं नाही. मी उघडायला पाहिजे होतं, दारातून चार पावलं पुढं जायचं आणि म्हणायचं, साहेब, मी. चार पावलं होती नुसती. तेवढ्यात मधली सुट्टी झाली आणि उलटतपासणी पुढच्या तारखेवर गेली.

पुढचं मला मालकांकडून कळलं. त्या वकिलांनी पुढच्या तारखेला कॅमेरा काढलाच नाही. एवढंच म्हणाले की जी बाई फोटोबद्दल खोटं बोलते, ती लग्नाबद्दल खरं बोलते हे कशावरून? लग्न शाबित झालं नाही. रूपालीला तिच्या सख्ख्या मावशीनं हैदराबादकडं कुठं तरी कामाला नेलं. ताई रेणापूरला भावाकडं गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथंच वारल्या. मला दहाव्यानंतर समजलं. वारल्या तेव्हा कुणाशी बोलत नव्हत्या म्हणे.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या मधल्या सुट्टीत. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली सिमेंटचा ओटा आहे, तिथं बसल्या होत्या. मी पळून जाणार होतो, पण त्यांनी मला पाहिलं आणि हातानं बोलावलं. मी गेलो. वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "तुझा काढ बरं बॅगंतून. ते सुरू कुठून होतंय, तेवढं दाखव. पुढच्या तारखेला परत इचारलं तर यायला पाहिजे."

मी कॅमेरा काढला. त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं बोट धरून खटक्यावर नेलं आणि दाखवलं, असं. त्यांनी सुरू केला, बंद केला. परत सुरू, परत बंद. शिकाऊ माणसासारखं पुटपुटत दहा-बारा वेळा केलं. "ह्याच कॅमेऱ्यानं काढले होते का रे तिचे?" मी म्हणालो, "हाव." "वजनाला लई हाय की," म्हणाल्या, आणि झाकण कसं काढायचं ते विचारलं. तेही मी दाखवलं.

नळावरून रूपाली पाण्याची बाटली भरून घेऊन आली. ताईंनी घाईनं माझी ओळख करून दिली, "हा आमच्या दुकानातला बालाजी. मला मशीन शिकवायला आलाय." मला वाचवायला बघत होत्या, त्या पोरीपासूनसुद्धा. त्या पोरीसमोर मी चार तास कॅमेरा धरून उभा होतो. 'हनुवटी खाली घे, हसू नको' असं मीच तिला सांगत होतो.

रूपालीनं माझ्याकडं नीट बघितलं. "वळखते की मी," म्हणाली. बाटली माझ्यापुढं धरली, "घ्या दादा, ऊन लई हाय."

मी पाणी प्यालो. कॅमेरा पुसून बॅगेत घातला. ताई म्हणाल्या, "जमलं आता मला. जा तू, तुला शूट असंल." मी गेलो, आणि पुढच्या तारखेला आलो नाही.